मी हवेत बघत होते

ट्रुसोव्हाची शेवटची उडी झाली आणि मी सतरंजीवर हात आपटून म्हणाले, "झालं. सोनं हिचंच."

१७ फेब्रुवारी २०२२, दिवेलागणीची वेळ. अकोले गावातल्या आमच्या घराच्या ओसरीवर तांब्याला मोबाईल टेकवून मी आणि माझी भाची बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमधलं महिलांचं फिगर स्केटिंग बघत होतो. भाची पुण्याची. शाळेत असताना सहा वर्षं चाकांच्या बुटांवरचं कलात्मक स्केटिंग शिकलेली. करोनामुळे कॉलेजचे तास अजून बरेचसे मोबाईलवरच चालत होते, म्हणून ती महिनाभर माझ्याकडे राहायला आली होती. मी स्वतः बावीस वर्षं मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवत होते. बर्फ मी फ्रीजमध्येच पाहिलेला. पण अंग हवेत कसं फिरतं, ते माझ्याइतकं कुणाला कळतं, अशी माझी खात्री होती.

अलेक्झांड्रा ट्रुसोव्हा तेव्हा सतरा वर्षांची होती. चार मिनिटांच्या कार्यक्रमात तिने हवेत चार-चार फेऱ्या घेणाऱ्या पाच उड्या मारल्या आणि एकदाही पडली नाही. ऑलिंपिकमध्ये कुठल्याही मुलीने हे आधी केलं नव्हतं. तिच्यानंतर ॲना श्चेरबाकोव्हा आली. तिच्या चार फेऱ्यांच्या उड्या दोनच. निकाल लागला तेव्हा सुवर्ण श्चेरबाकोव्हाचं होतं, २५५.९५ गुण. ट्रुसोव्हा २५१.७३ वर. मला ते सहन झालं नाही. पाच मोठ्या की दोन, एवढा साधा हिशोब जगाला का कळू नये?

भाची शांतपणे म्हणाली, "मावशी, परवाचा छोटा कार्यक्रम पाहिलास का?"

पाहिला नव्हता. दोन दिवसांच्या गुणांची बेरीज होते, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. तिने वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडून दाखवले. आजच्या दिवसापुरती ट्रुसोव्हाच पहिली होती, १७७.१३ विरुद्ध १७५.७५. ती हरली होती परवा. छोट्या कार्यक्रमात मुलींना चार फेऱ्यांची उडी मारायला परवानगीच नव्हती. तिथे ट्रुसोव्हाने साडेतीन फेऱ्यांचा ॲक्सेल निवडला आणि ती पडली. श्चेरबाकोव्हाने अडीच फेऱ्यांचा घेतला आणि तो स्वच्छ केला. तिथले गुण ७४.६० आणि ८०.२०. साडेतीन फेऱ्यांच्या ॲक्सेलची मूळ किंमत ८.००, अडीच फेऱ्यांच्या ॲक्सेलची ३.३०. फेऱ्या पूर्ण करूनही पडलात तर पंचांचे उणे पाच धरून आठाचे चार होतात, पडल्याबद्दल आणखी एक जातो, हाती उरतात तीन. तीन म्हणजे साध्या, नीट केलेल्या उडीपेक्षाही कमी.

हा हिशोब मी त्या संध्याकाळी डोळ्यांनी पाहिला आणि मनाने नाकारला. "मग नियमच चुकीचे आहेत," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मल्लखांबाच्या शेडमध्ये मुलींना गोलात बसवून सांगितलं, की एका पोरीने पाच अवघड उड्या मारल्या आणि जगाने तिला दुसरा नंबर दिला; पण तुम्ही तिच्यासारख्याच व्हा. छोट्या कार्यक्रमाचा विषय मी काढलाच नाही. ही माझी पहिली चूक. ती अजाणतेपणी झाली, असंही म्हणता येत नाही. आकडे कळल्यावर मी ते गाळून सांगितले.

अवघडाची ही ओढ मला आधीपासून होती. १४ ऑगस्ट २०१६च्या रात्री जिम्नॅस्ट दीपा कर्माकरने रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टवर प्रोदुनोव्हा नावाची उडी मारली, तेव्हा मी झोपेतून उठून टीव्हीसमोर उभी होते. ती चौथी आली, कांस्यपदक ०.१५०ने हुकलं. ती उडी मी मुलींना पन्नास वेळा सांगितली असेल. त्या उडीचं काठिण्य ७.० होतं, हे दरवेळी सांगायचे. उतरताना ती पार खाली बसली आणि सफाईचे गुण ८.२६६वर आले, हे कधी सांगितलं नाही. त्या रात्रीची तिची पहिली उडी काठिण्यात पूर्ण एका गुणाने सोपी होती आणि सफाईत वरचढ होती, हे तर मी स्वतःच विसरून गेले होते.

बीजिंगच्या त्या निकालानंतरच्या आठवड्यात भाचीचं आणि माझं रोज वाजायचं. विषय उड्यांच्या तंत्राचा. तिने शहाबादी फरशीवर खडूने रेघा काढल्या. बर्फावरच्या उड्या सहा प्रकारच्या: टो-लूप, सॅल्काव्ह, लूप, फ्लिप, लुट्झ आणि ॲक्सेल. ॲक्सेलला तोंड पुढे करून उडायचं, म्हणून त्यात अर्धी फेरी जास्त. बाकीच्या पाचांना पाठमोरं. हवेत सगळ्या जवळपास सारख्याच दिसतात. फरक पाय बर्फ सोडतो त्या क्षणातला. स्केटच्या पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. लुट्झ बाहेरच्या कडेवरून उडायची, म्हणजे अंग एका दिशेच्या वळणावर घसरत असतं आणि फिरायचं मात्र उलट्या दिशेला. फ्लिप आतल्या कडेवरून, म्हणून सोपी. अनेकींचा पाय शेवटच्या क्षणी बाहेरून आत कलतो. नाव लुट्झचं आणि उडी फ्लिपची. काहीजणी पाय बर्फावर असतानाच अर्धी फेरी चोरून घेतात, मग हवेत कमी फिरावं लागतं. उतरतानाही तसंच. फेरी पाव भागाने कमी पडली तर एक खूण, त्याहून जास्त कमी पडली तर दुसरी, अर्धी किंवा त्याहून जास्त कमी पडली तर ती उडी एका फेरीने खालची धरतात.

"एवढं बारीक मला उघड्या डोळ्यांनी दिसतं," मी म्हणाले.

तिने कपाटातून एक लग्नपत्रिका आणली आणि मोबाईलच्या पडद्याचा वरचा भाग झाकला. फक्त घोट्यापासून खालचे पाय दिसत होते. मग वेगवेगळ्या मुलींच्या दहा उड्या लावल्या आणि लुट्झ की फ्लिप ते ओळखायला सांगितलं. मी चार ओळखल्या. नाणं उडवलं असतं तरी एखादी जास्त जमली असती. मला राग आला. पत्रिका बाजूला सारली आणि म्हणाले, "असं झाकून कुणी खेळ बघतं का?"

"मावशी, तू हवेत बघतेस," ती म्हणाली. "उडी खाली ठरते."

वीस वर्षांच्या पोरीने मला शिकवावं, हे मला लागलं. मी उठून भाकरी करायला गेले.

त्याच दिवसांत माझ्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी होती. भंडारदऱ्याकडची, वडील भातशेती करणारे, शाळेसाठी अकोल्यात मामाकडे राहायची. अंगाने हलकी, पोटाला ताकद, भीती कमी. दोरीवर चढताना खारीसारखी जायची. मल्लखांबाला तेव्हा बरे दिवस येत होते. २०१९च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा मी तीन मुलींना घेऊन मुंबईला गेले होते. खेलो इंडियातही मल्लखांब आला होता, जूनमध्ये पंचकुलाला स्पर्धा होणार होत्या. या मुलीला तिथपर्यंत पोहोचवायला वेळ लागणार होता, पण जिल्ह्यातून वर काढायचीच, असं मी ठरवून टाकलं होतं. मीच ठरवलं. तिला विचारलं नव्हतं.

तिच्या संचात मी एक प्रकार घातला. वर जाऊन दोरीचे वेढे मांडीला आणि कमरेला घ्यायचे, दोन्ही हात सोडायचे, गरगरत खाली यायचं आणि पायाचा अंगठा व शेजारचं बोट यांत दोरी आवळून एकदम थांबायचं. शेडमध्ये मुली त्याला गिरकी म्हणतात. बघणाऱ्याचा श्वास अडकतो. मोठ्या मुली तो संचाच्या मध्यावर घेत, हातपाय गरम झाल्यावर. मी तो हिला अगदी सुरुवातीला घ्यायला लावला. पंचांवर पहिलाच ठसा पडावा, हा माझा विचार. एक गिरकी जमली, तेव्हा दुसरी घातली. आधीची पक्की झाली का, हे पाहिलं नाही. थांबते आहे ना, म्हणजे पक्की, असं धरून चालले.

तिने एकदा विचारलं होतं, "मॅडम, मधे घेऊ का? पहिल्यांदा पाय गार असतात."

मी ट्रुसोव्हाचं नाव घेतलं. पाच उड्या मारणारी पोरगी पाय गार आहेत म्हणाली होती का, असं विचारलं. आज हे वाक्य लिहिताना हात थांबतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती दुसऱ्या गिरकीला थांबली नाही. अंगठ्यातून दोरी सुटली. गादी होती म्हणून डोकं वाचलं, पण डावा हात अंगाखाली आला. मनगट मोडलं. संगमनेरला नेऊन प्लास्टर घातलं. संध्याकाळच्या एसटीने तिचे वडील आले. पायात चिखलाच्या वहाणा, हातात पिशवी, पिशवीत तिच्यासाठी केळी. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्ही व्हत्या ना तिथं?"

"होते," मी म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "तिचं लक्ष विचलित झालं."

या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी हे वाक्य सांगेन. प्रशिक्षकाचा अंदाज चुकू शकतो, हाडं जुळतात. पण मी एका बापाला त्याच्या पोरीबद्दल खोटं सांगितलं आणि ती पोर बाकावर बसून ते ऐकत होती. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बाकीच्या मुलींनाही हेच सांगितलं. सांगता सांगता मला स्वतःला ते खरं वाटू लागलं.

मे महिन्यात भाची पुन्हा आली. माझ्या मोबाईलमध्ये त्या मुलीच्या सरावाच्या सव्वीस चित्रफिती होत्या, मीच काढलेल्या. तिने एकामागून एक पाहिल्या आणि मला बोलावलं. "मावशी, यातल्या एकीतही तिचे पाय नाहीत."

खरंच नव्हते. प्रत्येक फितीत हात सुटण्याचा क्षण होता, चेहरा होता, केस उडत होते. समोर उभं राहून मी कॅमेरा वर धरलेला. अंगठ्याची पकड दोरीच्या मागच्या बाजूला, चौकटीच्या बाहेर. फक्त दोन फितींत, चुकून मोबाईल खाली झाला तेव्हा, क्षणभर पाऊल दिसत होतं. दोरी अंगठ्याच्या बेचक्यात खोल बसण्याऐवजी पेरावर टेकलेली होती. अशी पकड एक गिरकी सहन करते. दुसरीला वेग वाढला की सुटते. फिती मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या. म्हणजे महिनाभर आधीपासून ती चुकीच्या पकडीवर उतरत होती आणि मी समोर उभी राहून वाहवा करत होते.

हे कळल्यावर मी तिच्याकडे जायला हवं होतं. गेले नाही. त्याऐवजी दुसऱ्या टोकाला गेले आणि तीही चूकच निघाली.

जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने मोठ्यांच्या स्पर्धेसाठी किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेण्याचा निर्णय घेतला. बीजिंगमध्ये पंधरा वर्षांच्या कमिला वलिएव्हाचं जे झालं, उत्तेजक चाचणीचा गदारोळ आणि मोठ्या कार्यक्रमातली तिची पडझड, ते सगळ्या जगाने पाहिलं होतं. मी तो निर्णय हातात धरला आणि शेडमधल्या सगळ्या मुलींच्या संचातून अवघड प्रकार काढून टाकले. गिरकी बंद. आता दाखला ट्रुसोव्हाऐवजी काओरी साकामोतोचा. ही जपानची मुलगी, चार फेऱ्यांची उडी नाही, साडेतीन फेऱ्यांचा ॲक्सेल नाही, तरी बीजिंगला कांस्य आणि लगेच मार्चमध्ये विश्वविजेती. पुढे २०२३ आणि २०२४लाही तीच. मी मुलींना सांगायचे, बघा, मुलींचा खेळ देखणेपणाचा असतो.

साकामोतोला मी तोवर धड पाहिलंही नव्हतं. भाचीने फोनवर मला झाडलं. तिचा अडीच फेऱ्यांचा ॲक्सेल किती उंच आणि किती लांब जातो ते बघ, म्हणाली. ज्या वेगाने ती उडीत शिरते, त्या वेगात शिरायला छाती लागते. मग माओ आसादा आणि किम यु-ना या दोन स्केटरांची गोष्ट सांगितली. दोघी एकाच महिन्यात जन्मलेल्या, सप्टेंबर १९९०. २०१०च्या ऑलिंपिकमध्ये आसादाने साडेतीन फेऱ्यांचा ॲक्सेल दोन दिवसांत मिळून तीनदा मारला. किमने तो घेतलाच नाही. तीन फेऱ्यांची लुट्झ आणि तिला जोडून तीन फेऱ्यांची टो-लूप, हा तिचा हुकमी जोड. किमला सुवर्ण, आसादाला रौप्य. चार वर्षांनी सोचीत आसादाने पुन्हा तोच ॲक्सेल घेतला, छोट्या कार्यक्रमात पडली, सोळावी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच घेतला आणि नीट उतरवला. सहावी आली.

"मग चूक कोण?" मी विचारलं.

"कुणीच नाही," भाची म्हणाली. "दोघींनी आपापल्या अंगाला काय येतं ते बघून निवडलं. तू मुलींना निवडू देतेस का?"

मी विषय बदलला. तेव्हा पंधरा वर्षांची एक मुलगी शेडमध्ये होती, खांद्यात भरपूर ताकद असलेली. गिरकी तिला दोन वर्षांच्या मेहनतीने आली होती आणि तिची पकड निर्दोष होती. आता मी पावलं बघायला शिकले होते, त्यामुळे मला ते ठाऊक होतं. तरीही तिची गिरकी काढली. तिने विचारलं, "मला तर जमतं, मॅडम. माझी का काढली?" मी म्हणाले, सगळ्यांना एकच नियम. खरं कारण वेगळं होतं. ती वर गेली की मला ते मोडलेलं मनगट दिसायचं. माझी भीती मी तिच्या संचात घातली. गणपतीनंतर तिने यायचं सोडलं. तिचं घर प्रवरा नदीच्या पलीकडे, पायी वीस मिनिटांवर. मी गेले नाही. आता तिचं लग्न झालंय, असं कळतं. हे दुरुस्त होण्यातलं राहिलेलं नाही.

मनगट मोडलेली मुलगी मात्र परत आली. प्लास्टर निघाल्यावर वर्षभर लांबच राहिली, मग २०२३च्या पावसाळ्यात एक दिवस छत्री मिटून दारात उभी राहिली. मी तिला अढीसारख्या साध्या प्रकारापासून पुन्हा सुरू केलं. त्या दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्या मुलींना बसवलं आणि सांगितलं, की हिचं लक्ष विचलित झालं नव्हतं. पकड चुकीची होती, ती मी पाहिली नाही. पाय गार असतात असं ही म्हणाली होती, ते मी ऐकलं नाही. बोलायला दोन मिनिटं लागली. दीड वर्ष मी ती दोन मिनिटं टाळली होती.

ती गादीच्या कडेचा दोरा ओढत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "घरी पण मला सगळे तेच बोलले, मॅडम. लक्ष नसतं म्हणून."

पुढच्या रविवारी मी राजूरमार्गे तिच्या गावी गेले. भात कापून झालं होतं, खळ्यावर झोडणी चालली होती. तिच्या वडिलांना तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि मुलीला म्हणाले, "ऐकलं ना?" माझ्याशी ते त्यावर काही बोलले नाहीत. बोलावं अशी अपेक्षा ठेवण्याचा मला हक्कही नव्हता.

२०२५च्या मार्चमध्ये बॉस्टनला ॲलिसा ल्यू विश्वविजेती झाली, तेव्हा भाचीने मला रात्री चित्रफीत पाठवली. ही अमेरिकेची मुलगी तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती, चौदाव्या वर्षी चार फेऱ्यांची लुट्झ उतरवणारी. सोळाव्या वर्षी तिने खेळ सोडला. दोन वर्षांनी परत आली ती संगीत, पोशाख, सराव यांत आपलं म्हणणं चालेल या बोलीवर. बॉस्टनला तिने चार फेऱ्यांची एकही उडी घेतली नाही. मी ती फीत तीनदा पाहिली. तिसऱ्यांदा पडद्याचा वरचा भाग हाताने झाकून.

मग दुसऱ्या दिवशी मनगट मोडलेल्या त्या मुलीला, आता ती सोळाची होती, एक कोरी वही दिली आणि म्हणाले, तुझा संच तू लिही. चार दिवस तिने काही आणलं नाही. पाचव्या दिवशी आणली. पेन्सिलीने लिहिलेलं, दोनदा खोडलेलं. मला आवडणारी दोन आसनं तिने काढून टाकली होती. गिरकी होती, एकच, संचाच्या दोन तृतीयांशावर. तिच्याआधी एक साधी पकड घातलेली, समोर कंसात लिहिलेलं: पाय गरम करायला. कमरेवरचा वेढा एकाने वाढवलेला.

माझ्या तोंडावर आलं होतं, की वेढा वाढला की वेग कमी होतो, बघायला तेवढं भारी वाटत नाही. ते मी गिळलं.

"कधी करायची?" विचारलं.

"आज नको," ती म्हणाली. "आज नुसती पकड." आणि मग, जरा थांबून, "मॅडम, तुम्ही समोर उभ्या राहू नका. तिथून अंगठा दिसत नाही. मागं खिडकीकडं थांबा."

शेडच्या त्या खिडकीशी जुन्या गाद्यांचा ढीग होता. आम्ही दोघींनी तो ओढून बाजूला केला. मी माझी खुर्ची तिथे नेली. तिने हाताला मॅग्नेशियाची पूड लावली, दोरी धरली आणि वर जाऊन अंगठ्यात दोरी आवळून थांबली. दोरी बेचक्यात पूर्ण बसली नव्हती.

"खाली ये," मी म्हणाले. "पुन्हा घे."